वखारीतली किल्लेदारीण

३ मे १९३८, मंगळवार

हसले.

काल देवळापुढच्या मांडवात प्रवेश केला, पदर सावरला, आणि तोंड उघडायच्या आत मागून एकजण हसला. मग त्याच्या शेजारचा. मग ती सगळी बाजूच. विनोदाला हसतात तसं नव्हे – म्हाताऱ्याचं धोतर सुटल्यावर हसतात तसं.

मी बोलत राहिलो. शेवटपर्यंत बोललो. पडद्यामागं आल्यावर नागोजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तंबूतलं बोलपट बघून पोरं बिघडल्यात, रघुवीर. मनाला लावून घेऊ नगं."

नागोजी आमच्या मंडळीचा नायक. बाजारात सायकलींचं दुकान आहे त्याचं. वीस वर्षं स्टेजवर तो माझा नवरा आणि मी त्याची बायको. त्याचं पोट सुटलं तरी त्याला कुणी हसत नाही. माझा आवाज घोगरा झाला, खांदे रुंद झाले. बोलपटात खऱ्या बायका दिसतात. आता माझ्याकडं बघून लोकांना बाई दिसत नाही – लुगडं नेसलेला शाळामास्तर दिसतो.

घरी बायकोनं, जयानं, विचारलं, "कसं झालं?"

"झालं."

५ मे

जयाचा लग्नातला शालू झटकून पेटीत ठेवला. तिनं तो दोनदा नेसला असेल. बाकी सगळा मीच.

१२ जून, रविवार

आप्पांनी वखारीत बोलावलं होतं. मारुतीराव आप्पा – मंडळी त्यांनी काढली. निपाणीत प्लेग होता, सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं, तेव्हा. रोज कुणीतरी जायचं. पोरांनी रात्री भिऊन रडू नये म्हणून आप्पांनी दोन बैलगाड्या जोडून त्यांच्यावर नाटक उभं केलं. त्यानंतर एकही गणपती मोकळा गेला नाही. मानमोडीच्या साथीत आमचा नायिका करणारा गडी गेला, तर त्याचं लुगडं मला नेसवलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा, मिसरूडसुद्धा नव्हतं. पावसाळ्यात आप्पांची तंबाखूची वखार रिकामी असते, तिथंच नाटक होतं. जमीन कितीही शिंपडली तरी तंबाखूचा खकाणा उडतो. प्रेक्षक शिंकतात, आम्ही शिंका गिळतो.

आज आप्पा दम घेत घेत बोलत होते. छाती भरलेली असते त्यांची हल्ली.

"औंदाच्या गणपतीला मंडळीला तीस वर्सं व्हत्यात. नाटक तर झालंच पायजे. पर हसं करून घेयाचं न्हाय. बाईचं काम बाईच करंल."

नागोजी म्हणाला, "कोल्हापुरात बाया मिळत्यात, आप्पा. एक सांगावा धाडला की येतील."

"भाड्यानं आनायची तर आपन हौशी कशाचं? घरचं मानूस पायजे. आपापल्या घरात इचारा."

सगळे खाली बघायला लागले. मीपण.

उठताना आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू लई केलंस रं रघुवीर." एवढंच. पुढचं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ जून

घरात सांगितलं – गंमत सांगावी तसं. जया हसली. वसुधा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी करीन," म्हणाली.

वसुधा माझी धाकटी बहीण. बोरगावात दिली होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा शेतात साप चावून गेला, आणि तेव्हापासून ती आमच्याकडं आहे. तिची मुलगी बेबी मात्र तिकडंच. सासूनं, राजाबाईंनी, नात ठेवून घेतली आणि सुनेला माहेरी धाडलं. का, ते मला कधी नीट उमगलं नाही. विचारलं की एकच सांगतात: "माझा ल्योक गेला आनि हिनं डोळ्याला पदर लावला न्हाय." महिन्यातून एकदा वसुधा बोरगावला जाते. पोरीला न्हाऊ घालते, वेणी घालते, दिवस मावळायच्या आत परत येते. त्या दिवशी ती जेवत नाही.

मी म्हणालो, "खुळी आहेस का?"

"तुझ्या भाषणांच्या नकला पाठ करून कोण घेतं, अण्णा? तू अडखळलास की पुढचं वाक्य कोण सांगतं?"

खरं आहे. आप्पांनी स्वतः लिहिलेलं किल्लेदारणीचं नाटक बसवायचं चाललंय. त्यातलं नायिकेचं भाषण तिला माझ्याइतकंच येतं.

जया आता हसत नव्हती. "ताई, किल्लेदारीण सवाष्ण आहे. तिसऱ्या अंकापर्यंत कपाळभर कुंकू लावते. मग नवरा पडल्याची खबर येते आणि ती ते पुसते. तुम्ही पुसलेलं कुंकू परत लावणार? तेही चार लोकांसमोर परत पुसायला?"

वसुधानं एक खडा उचलून बाजूला टाकला. "हो."

१६ जून

आप्पांना सांगितलं. मनात खोल कुठंतरी वाटत होतं, ते नाही म्हणतील.

त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "मनापासनं म्हनती का?"

"हो."

"मग तूच शिकीव तिला. तुझ्यागत किल्लेदारीन निपाणीत कुनी केली न्हाय."

घरी येताना लांबची वाट धरली.

३ जुलै, रविवार

तालमी सुरू. जया बरोबर येते, कोपऱ्यात वाती वळत बसते. बाईमाणसाला एकटं पाठवायचं नाही, असं तिचं म्हणणं. पण मला वाटतं तिला बघायचंच असतं.

आज वसुधाला चाल शिकवली. पाऊल कसं टाकायचं, मान किती कलवायची, पदराचं टोक कोणत्या दोन बोटांत धरायचं. हे शिकायला मला तीन वर्षं लागली होती. वसुधा चार पावलं चालली आणि थांबली.

"बाई अशी चालत नाही, अण्णा."

"नाटकातली बाई अशीच चालते."

"ती किल्ला सांभाळते ना? दिवसभर बुरुजावर चढउतार करत असेल. ती अशी कंबर हलवत कशी चालंल?"

नागोजी हसला. जयापण. मी नक्कल खाली ठेवली आणि बाहेर आलो. नंतर आत जाऊन म्हणालो, चाल तुझ्या मनानं. ती चालली. घरात चालते तशीच, पाण्याची घागर घेऊन आल्यासारखी. काहीही करत नव्हती. आणि वखारीत सगळे तिच्याकडंच बघत होते.

१० जुलै

नागोजीची पंचाईत. पहिल्या अंकात किल्लेदार निरोप घेताना बायकोचा हात धरतो. वीस वर्षं माझा मनगटापासून धरला. आज हात पुढं करतो आणि मागं घेतो. शेवटी म्हणाला, "ताई, मी नुसता हिकडं उभारतो. तुमी समजा धरलाय म्हणून."

वसुधा म्हणाली, "बघणाऱ्यांनी पण समजायचं का, नागोजीदादा?" आणि तिनंच त्याचा हात धरला. बिचारा घामानं भिजला. वाक्य विसरला.

जयानं वातींवरून नजर काढली नाही. पण घरी येताना म्हणाली, "चार वर्षांत ताईंना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं."

२४ जुलै, रविवार

आज तिसरा अंक घेतला.

आप्पांनी इथं मोठा विलाप लिहिलाय. दीड पान. जासूद येऊन खबर सांगतो. किल्लेदारीण किंचाळते, जमिनीवर कोसळते, कुंकू पुसते, देवाला दोष देते, मग उठून दरवाजा लावून घ्यायचा हुकूम सोडते. माझ्या विलापाला बायका चिकाच्या पडद्यामागं हुंदके द्यायच्या. त्या विलापासाठीच माझं नाव होतं.

वसुधा नवऱ्याच्या शेल्याची घडी घालत बसलेली असते, तेव्हा जासूद येतो. आज तो आला. बोलला. वसुधा ओरडली नाही. घडी घालतच राहिली. काठाला काठ लावला, सुरकुती हातानं मोडली, घडी मांडीवरून उचलून नीट बाजूला ठेवली. मग त्या जासूदाकडं बघून म्हणाली, "तू जेवलास का?"

हे नाटकात नाही. जासूद करणारा पोरगा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

त्यानंतर तिनं अंगठ्यानं कपाळ पुसलं – कपाळावर काही नव्हतंच, तालीम होती – आणि साध्या आवाजात म्हणाली, "दरवाजा लावून घ्या."

वखारीत कुणी हललं नाही. मी म्हणालो, "वसुधा, विलाप?" ती म्हणाली, "मला तो येत नाही."

आप्पा खाटेवर पडून बघत होते. मला वाटलं भडकतील. त्यांचं लिहिलेलं कुणी बदललं की ते बदलणाऱ्याच्या बापापर्यंत जातात. ते उठून बसले, खोकले. म्हणाले, "त्यो इलाप काढून टाका."

वीस वर्षं मी तो केला. दोन शब्दांत गेला.

२५ जुलै

मत्सर वाटतो. सख्ख्या बहिणीचा. इथं तरी लिहून ठेवतो.

७ ऑगस्ट

गावात बोभाटा झाला. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर शेण फासलेलं. जयानं पाणी ओतून धुतलं आणि त्यावर रोजच्यापेक्षा मोठी रांगोळी काढली. शाळेत हेडमास्तरांनी बोलावलं. "मास्तर, नाटक तुमचा खासगी प्रश्न आहे. पण विधवा बाई कुंकू लावून चारचौघांत – पालक विचारतात. विचार करा."

वसुधाला सांगितलं नाही. तिला ठाऊक आहे. आज तालमीत वाक्यं जरा हळू बोलत होती.

१९ ऑगस्ट

मंडळीतले दोघे यायचे बंद झाले. एकाची बायको आजारी, दुसऱ्याला बेळगावात काम निघालं. आप्पा म्हणाले, "प्लेगात बी दोघं पळालते. पाच उरलो, तरी नाटक झालं." मग खोकत बसले. त्यांच्या थोरल्या मुलानं मला बाहेर गाठलं. "आप्पांच्या तब्येतीला झेपतंय का हे? तुमी तरी समजवा."

कुणी कुणाला समजवायचं?

३० ऑगस्ट, मंगळवार

गणपती बसले. शनिवारी प्रयोग.

दुपारी बोरगावहून वसुधाचा थोरला दीर आला. सोप्यात बसला नाही, पाणी घेतलं नाही. उभ्यानंच बोलला. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"आमच्या घरची बाई कपाळाला लावून नाटकात उभी ऱ्हानार, असं ऐकलं. उभी ऱ्हाऊ दे. आमी आडवायला आलेलो न्हाय. पर मग बेबीची आई मेली म्हणून पोरीला सांगू. परत बोरगावात पाय ठेवायचा न्हाय."

मी म्हणालो, "असं कसं म्हणता? आई आहे ती."

"व्हय. म्हणून तर सांगायला आलो."

वसुधा दाराआड उभी होती. सगळं ऐकलं तिनं. तो गेल्यावर चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला लागली. सगळ्या भाकरी गोल झाल्या. एकही मोडली नाही.

३१ ऑगस्ट

सकाळी ती म्हणाली, "आप्पांना सांग. मी येत नाही."

मी बरं म्हणालो. काय बोलणार? पोर पाच वर्षांची आहे.

संध्याकाळी वखारीत सांगितलं. आप्पा खाटेवर आडवे झाले, भिंतीकडं तोंड केलं. बाकीचे एकमेकांकडं बघू लागले, आणि मग हळूहळू सगळ्यांची नजर माझ्याकडं वळली. नागोजीच शेवटी म्हणाला, "तू हाईस की."

आणि माझ्या पोटात आनंद झाला. खरा. त्या क्षणी वसुधा आठवली नाही, बेबी आठवली नाही. फक्त आठवलं – सकाळीच दाढी केलीय.

"इलाप परत घालू," आप्पा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले. "तुला त्यो येतो."

२ सप्टेंबर

दोन दिवस विलाप घोकतोय. घरात नाही, शाळेमागं जाऊन. घरात वसुधासमोर तोंडातून निघत नाही.

जयानं न मागता शालू काढून ठेवला.

४ सप्टेंबर, रविवार

झालं. तिसावं झालं.

वखार भरली होती. बायकांच्या बाजूला चिकाचा पडदा लावला होता, त्यामागंही दाटी. आसपासच्या गावांहून गाड्या आल्या होत्या. बातमी पसरली होती ना – विधवा नाचणार म्हणून. त्यांना मी दिसलो. पहिल्या प्रवेशाला हसले. मेमध्ये हसले त्याच्यापेक्षा जास्त. एकानं ओरडून विचारलं, "मास्तर, बहीण कुठाय?" मी वाक्यं म्हणत राहिलो. नागोजीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली.

दुसरा अंक कसा गेला आठवत नाही.

तिसऱ्यात शेला मांडीवर घेऊन बसलो. जासूद आला. खबर सांगितली. विलापाचं पहिलं वाक्य जिभेवर होतं – आलंच नाही. हात घडी घालत राहिले. काठाला काठ. मी थांबवायचा प्रयत्न केला असंही नाही. सुरकुती मोडली. घडी बाजूला ठेवली. आणि ऐकलं तर माझाच आवाज विचारत होता, "तू जेवलास का?"

हसायचे ते हसायचं विसरले. कुंकू पुसलं तेव्हा बायकांच्या बाजूनं हुंदका आला नाही. काहीच आलं नाही. खकाण्यानंसुद्धा कुणी शिंकलं नाही.

"दरवाजा लावून घ्या" म्हणालो, आणि पडदा पडला. आप्पांना दोघांनी धरून आत आणलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, रंग सगळा त्यांच्या तळव्यांना लागला. "आता धा वर्सं बाई हुडकायला नगं," म्हणाले. वाटेत अनोळखी माणसं पाया पडत होती. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सगळं तिचं होतं. एक बोटसुद्धा माझं नव्हतं.

५ सप्टेंबर

आज सकाळी परसात वसुधा भांडी घासत होती. जयानं तिला सगळं सांगितलेलं दिसलं. मी जवळ जाऊन बसलो. वाटलं, तिला बरं वाटेल. म्हणालो, "विलाप केला नाही मी. तुझंच केलं. शेला, घडी, सगळं. लोक गप्प झाले, वसुधा."

ती घासत राहिली. मग म्हणाली, "ते नाटकातलं नव्हतं, अण्णा."

"म्हणजे?"

"त्या दिवशी गडी शेतातून पळत आला. मी ह्यांच्या धोतराची घडी घालत होते. त्यानं सांगितलं. मला ऐकू आलं, पण कळलं नाही. वाटलं, ही घडी नीट झाली की कळेल. मग त्या गड्याकडं बघितलं. उन्हातून पळत आला होता, ओठ सुकले होते. मी विचारलं, तू जेवलास का? सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी तेवढंच ऐकलं. त्यांच्या मनात एवढंच बसलं – माझा मुलगा मेला आणि ही गड्याला जेवण विचारते."

मी राखेची वाटी तिच्याकडं सरकवली.

"चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. किल्लेदारणीच्या तोंडून एकदा सांगावं असं वाटलं होतं. एकदाच. मी स्वतः." तिनं भांडं पालथं घातलं. "तू केलंस. टाळ्या पडल्या का?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली आणि आत गेली.

६ सप्टेंबर

लोक शाळेत येऊन भेटतात. नमस्कार करतात. मला त्यांच्याकडं बघवत नाही.

८ सप्टेंबर

गणपती बोळवले. वसुधा बोलत नाही. रागावलीय असंही नाही. पाणी देते, जेवायला वाढते. ती रागावली असती तर मी माफी मागितली असती.

११ सप्टेंबर, रविवार

सकाळी दारात बैलगाडी थांबली. राजाबाई उतरल्या, मागून बेबी. नवा परकर नेसलेली, डोळ्यांत झोप.

वसुधा चुलीपुढून उठली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं, आता शेवटचं सांगायला आल्या. जयानं पाट दिला. राजाबाई बसल्या नाहीत.

"परवा वखारीत मी हुते," म्हणाल्या. "चिकाच्या मागं. ही उभी ऱ्हाती का न्हाय बघायला मलाच धाडलं हुतं घरच्यांनी. हिच्या जागी तुमी आलासा, मास्तर. म्हटलं बरं झालं, आता उठावं, गाडी जोडावी. मग तुमी त्यो शेला घेटला."

त्यांच्या हातात बेबीचा हात होता.

"माझं पोरगं गेलं त्या दिवशी मी हिच्याकडं बघितलंच न्हवतं. आतल्या खोलीत हुते. फकस्त ऐकलं हुतं. परवा बघितलं."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मी रडले, गाव रडलं, पर माझ्या पोराचं धोतर घडी घालून ठेवायचं कुनाला सुचलं न्हाय," राजाबाई म्हणाल्या. "त्ये पेटीत ठेवलेलं हाय अजून. तशीच घडी हाय. मी कवा मोडली न्हाय, आनि का मोडली न्हाय हे मला बी ठावं न्हवतं."

आणि वसुधा रडली. चार वर्षांनी. उभ्या-उभ्याच, तोंड न झाकता. बेबी घाबरून आजीच्या मागं गेली आणि मग तिथून बाहेर येऊन आईच्या लुगड्याला धरून उभी राहिली.

१३ सप्टेंबर

वसुधा बोरगावला गेली. कायमची. दीर गाडी घेऊन आला होता. आज पाणी प्यायला. माझ्याकडं बघितलं नाही, पण वसुधाची ट्रंक त्यानंच उचलली.

निघताना जयानं तिला शालू द्यायला काढला. वसुधा म्हणाली, "मला कशाला, वहिनी? तुम्ही नेसा." मला वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "रागावू नकोस." ती म्हणाली, "राग नाही, अण्णा. पण ते पुन्हा करू नकोस."

घर मोठं वाटतंय.

२ ऑक्टोबर, रविवार

आप्पांनी बोलावलं. बेळगावहून विचारणा आहे, तिथल्या थिएटरात प्रयोग करा म्हणून. निपाणीची मंडळी कधी निपाणीबाहेर गेली नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बैलगाडीवरनं बेळगावात, रघुवीर. तीस वर्सं लागली."

मी म्हणालो, "किल्लेदारीण मी करणार नाही."

"मग दुसरं नाटक घेऊ."

"बाईचं कोणतंच काम नाही, आप्पा. म्हाताऱ्याचं द्या. द्वारपालाचं द्या. पडदा ओढतो."

आप्पा म्हणाले, "मंडळी बंद पडंल रं."

"पडेल," मी म्हणालो. कसं म्हणालो कुणास ठाऊक.

नागोजी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. म्हणाला, "आता माझी बायकू कोन?" मला हसू आलं. त्याला आलं नाही.

२० नोव्हेंबर

बेळगावचं राहिलं. आप्पा अंथरुणातून उठत नाहीत. वखारीत लवकरच नवा माल येईल. रंगवलेले पडदे गुंडाळून माळ्यावर टाकले, उंदरांपासून वाचले तर वाचले. पुढच्या गणपतीचं कुणी काढत नाही.

मिशी ठेवतोय. टोचते.

१९ फेब्रुवारी १९३९, रविवार. बोरगाव

बेबीला खाऊ घेऊन दुपारी आलो. राजाबाईंच्या परड्यात गावातल्या बायका दाटीनं बसलेल्या, पोरंबाळं घेऊन. दाराला घोंगडं टांगलेलं. मी ते बाजूला सारून आत जायला लागलो, तर राजाबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या.

"मास्तर, भाईरच बसा. बायकांचं नाटक हाय. बायकाच करनार, बायकाच बघनार. तुमच्या भनीनं बसवलंय."

"मग पुरुषांची कामं?"

"ती बी पोरीच करत्यात."

बाहेर कट्ट्यावर बसलो. आतून वसुधाचा आवाज येत होता. मोठा, मोकळा. कान देऊन ऐकलं. एकही वाक्य ओळखीचं लागेना.

तिनं स्वतः लिहिलंय.